वाचकांचे प्रश्न : टॅब्लेटवर अभ्यास, पण हिशेब?

प्रश्न : मी पणजीतील एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम पाहते आणि सोबत मराठी विषयात एम.ए. करते. वाळपईहून रोज कदंब बसने ये-जा करण्यात जाणारा वेळ वाचनाला मिळावा म्हणून टॅब्लेट घेण्याचा विचार आहे. कार्यालयाचे कामही त्यावरच भागले, तर लॅपटॉपचा खर्च वाचेल का?
(एक वाचक, वाळपई)

उत्तर : अभ्यासाला टॅब्लेट अवश्य घ्यावा, हिशेबाच्या कामाला मात्र तो पुरा पडणार नाही. टॅली विंडोजवर चालते, ते अँड्रॉइड टॅब्लेटवर बसवता येत नाही. एक्सेलच्या फाइल उघडतात, पण त्यांतील मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामे आपोआप करून देणाऱ्या आज्ञा, तिथे चालत नाहीत. तेव्हा लॅपटॉपचा खर्च वाचेल, हा हिशेब आधीच सोडून द्यावा.

वाचनासाठी पडद्याचा आकार सर्वांत महत्त्वाचा. जुन्या ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या प्रतींत प्रत्येक पान म्हणजे एक छायाचित्रच असते, त्यामुळे अक्षरे तेवढी मोठी करून बाकी मजकूर त्याभोवती आपोआप जुळवून घेता येत नाही. ए-फोर आकाराचे पान ८ इंची पडद्यावर जवळजवळ निम्म्या रुंदीचे होते, ११ इंची पडद्यावर सुमारे ७० टक्के उरते. मी ११ इंचच सुचवीन. पेन घ्यायचे तर पडद्यावर तळवा टेकला तरी रेघ न उमटणारे घ्यावे; अर्थात धक्के खाणाऱ्या बसमध्ये पेनाने टिपणे काढण्याची आशा धरू नये, तिथे ओळी अधोरेखित केल्या तरी पुष्कळ झाले. वाचायचे ते आदल्या रात्री घरीच उतरवून ठेवावे.

प्रबंधिका लिहिण्यासाठी कळफलक जोडणार असाल, तर पैसे देण्यापूर्वी दुकानातच त्यावर ‘दुसऱ्या’ आणि ‘वाऱ्यावर’ हे शब्द टंकून पाहावेत. हा अर्धा र नीट उमटला नाही, तर मराठी लेखनासाठी तो कळफलक घेऊ नये. महाविद्यालयातून मिळालेली जुनी टिपणे युनिकोड ही आजची सामाईक अक्षरपद्धत येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये असतील, तर टॅब्लेटवर ती निरर्थक रोमन अक्षरांसारखी दिसतील. फाइल बिघडलेली नसते. तो मजकूर एकदा संगणकावर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

प्रश्न : पावसाळ्यात चार्जर लावताच ‘ओलावा आहे’ अशी सूचना येते. टॅब्लेट तांदळाच्या डब्यात ठेवावा का?
(एक विद्यार्थी, फोंडा)

उत्तर : ठेवू नये, तांदळाचा भुसा आणि कण चार्जिंगच्या खाचेत शिरतात, मग तो उकडा असो वा सुरय. चार्जर लगेच काढावा, कव्हर उतरवावे, खाच खाली धरून हलकेच झटकावी आणि टॅब्लेट पंख्याखाली काही तास राहू द्यावा. खाचेत कापूस, काडी घालणे किंवा केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा सोडणे टाळावे. सूचना दिसत असतानाही चार्जिंग रेटले, तर आतील धातूचे संपर्कबिंदू गंजतात, आणि त्यानंतर कोरड्या हवेतही चार्जर धड बसत नाही.