झाडं वाळल्यावर ट्रायकोडर्मा?

प्रश्न: सोयाबीनच्या शेंगा भरतायत आणि जागोजागी झाडं वाळायला लागली आहेत. वाळलेली पानंही झाडालाच लटकून राहतात. उपटलं की मूळ काळपट. ट्रायकोडर्मा दोनदा फवारली, फरक नाही. आता कोणतं जैविक औषध मारू?

उत्तर: आता कोणतंच नको. ट्रायकोडर्मा ही मातीत राहणारी बुरशी. ती रोगाच्या बुरशीच्या धाग्यांना वेढे घालते, त्यांच्या पेशीभित्तिका विरघळवून त्यांच्यावरच जगते. पानांवर फवारलेली भुकटी मुळाशी पोचणार कशी? आणि सडलेलं मूळ तर ती पुन्हा उभं करत नाहीच.

आधी रोग ओळखा. वाळलेलं झाड उपटून खोडाचा बुडखा नखानं सोला. सालीखाली कोळशाची पूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके दिसले, तर ती मॅक्रोफोमिना ही बुरशी; तिच्या रोगाला चारकोल रॉट (कोळशी कूज) म्हणतात. लटकलेल्या पानांवरून मला हीच शंका येते; पावसाचा खंड आणि उष्णता हिला मानवते. शक्य असेल तर हलकं पाणी द्या. बुडख्याशी पांढरी कापसासारखी बुरशी आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे असतील तर मात्र ती स्क्लेरोशियम या बुरशीची मानकूज. मग पाणी साचू देऊ नका, रोगट झाडं दाण्यांसकट शेताबाहेर काढा.

ट्रायकोडर्माचं खरं काम पुढच्या पेरणीआधी आहे. किलोभर बियाण्याला 8 ते 10 ग्रॅम भुकटी हलक्या हातानं चोळा (सोयाबीनची साल नाजूक), वर रायझोबियम (हवेतलं नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू) लावा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. मातीत द्यायची तर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून सावलीत आठ-दहा दिवस वाढू द्या आणि जमिनीत ओल असताना पसरा. कार्बेन्डाझिम हे रासायनिक बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यावर ट्रायकोडर्मा लावू नका. ते तिलाही मारतं. कोरड्या, तापणाऱ्या जमिनीत सोबत बॅसिलस सबटिलिस ही उपयोगी जिवाणूंची जात द्यावी असं माझं मत. तिचे बीजाणू उष्णता सोसतात.

ज्वारी किंवा मका घेऊन फेरपालट झाली असं समजू नका. मॅक्रोफोमिना त्या पिकांवरही जगते.

पाकिटावर उत्पादनाची तारीख आणि दर ग्रॅममधली जिवंत बीजाणूंची संख्या वाचा. उन्हात पडलेलं पाकीट मी फुकट दिलं तरी घेणार नाही.