पहिल्यांदा वकिलाकडे जाताना काय तयारी करावी?

पहिल्यांदाच नोटीस आलीय, पुढच्या आठवड्यात वकिलांची वेळ मिळालीय, सोबत काय न्यायचं, असं तुम्ही विचारलंय. मी वकिलांच्या ऑफिसात काम करते. अशील आत जाण्याआधी त्यांचे कागद लावून देणं माझ्याकडेच असतं.

आधी नोटिशीतली मुदत बघा. ती भेटीच्या आधीच संपत असेल तर आजच फोन करून अलीकडची वेळ मागा. नोटीस ज्या पाकिटातून आली ते फेकू नका. मुदत बऱ्याचदा नोटीस हातात पडल्यापासून मोजतात आणि तेव्हा शिक्क्यावरची तारीख कामी येते. फोनवरच समोरच्या पार्टीचं नावही सांगून टाका. ते वकील त्यांचंच काम बघत असतील तर तुमची केस घेता येणार नाही.

मग एका पानावर तारीखवार हकिकत लिहा. "४ जानेवारी: करारावर सह्या. २० फेब्रुवारी: अर्धे पैसे बँकेतून दिले. ९ मे: काम थांबवल्याचा मेसेज." बस, इतकंच. त्यांनी किती मनस्ताप दिला ते तोंडी सांगा, हवं तर. तारीख आठवत नसेल तर "मे महिन्यात कधीतरी" लिहा, पण अंदाजाने ठोकून देऊ नका. कागदही याच क्रमाने लावा.

आपल्या विरुद्ध जाणारी गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगा. रागात पाठवलेला मेसेज, तोंडी दिलेला शब्द, न वाचता केलेली सही. लोक हे नेमकं उठता उठता सांगतात आणि तोवर दिलेला सगळा सल्ला फिरवावा लागतो. वकिलांशी बोललेलं गोपनीय असतं. पण सोबत मित्र असेल तर त्याला आत बसवायचं का ते आधी विचारा, कारण तिसऱ्यासमोर बोललेल्याला ते संरक्षण मिळेलच असं नाही. आणि मोबाइलमधलं काहीही डिलीट करू नका, लाजिरवाणं असलं तरी.

फीबद्दल संकोच नको. एकरकमी की तासावर, कोर्ट फी त्यात धरलीय का, केस स्वतः चालवणार की ज्युनियर, हे विचारून लेखी घ्या. "जिंकू ना?" यापेक्षा "माझी बाजू कुठे लंगडी पडते?" असं विचारलंत तर जास्त कामाचं ऐकायला मिळेल.

कागदांच्या झेरॉक्स द्या. मूळ प्रत ठेवून घेतली तर पोच मागा, आमच्यासारख्या ऑफिसातसुद्धा.