गुरुवार सोडून उरलेले सहा दिवस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज मिळाला. ‘ताई, टीव्ही चॅनलच्या प्रोग्रामिंगला घेतलंय, असिस्टंट ईपी (एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर) म्हणून. दहा वर्षांत चॅनल हेड व्हायचंय, काय काय करू?’ असं एका दमात विचारून मोकळी झालीस. फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय. हेड कसं व्हावं हे मला सांगता येणार नाही. मी झाले, कारण माझ्या वरचे दोघं एकाच महिन्यात दुसऱ्या चॅनलला गेले. पण त्या खुर्चीत टिकायला काय लागतं, ते थोडंफार ठाऊक आहे.

आधी गुरुवारचं बोलू, कारण तुला त्याचीच धास्ती असणार. कोणती मालिका किती बघितली जाते ते मोजणाऱ्या बार्क या संस्थेचा आठवडा शनिवार ते शुक्रवार, आणि त्याचे आकडे पुढच्या गुरुवारी येतात. त्या दिवशी लिफ्टमधल्या चेहऱ्यांवरूनच कळतं कोणाची मालिका पडली. हे आकडे येतात कुठून, ते एकदा नीट समजून घे. आपल्या चॅनलच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, निवडक घरांतलं मीटर ती पकडतं आणि घरातल्या ज्याने त्याने मीटरच्या रिमोटवरचं आपापलं बटण दाबायचं असतं. २०२० साली अशी घरं देशभरात मिळून ४४ हजार होती. त्यातली आपल्या महाराष्ट्र-गोवा मार्केटच्या वाट्याला किती येणार, ते तूच बघ. म्हणून एका आठवड्यात आकडा जरा हलला की लेखकाला फोन करून गोष्टीचा ट्रॅक फिरवू नकोस. असं करणारे ईपी मी ढिगाने पाहिलेत. त्यांच्या मालिकेत नायिका सोमवारी सोशिक असते आणि गुरुवारी संध्याकाळी एकदम वाघीण होते.

प्रेक्षकांचा मिनिटागणिक आलेख मात्र रोजच्या भागाचा बघ. तोच तुझा खरा मास्तर. पण तो मास्तर अर्धंच शिकवतो. प्रेक्षक ७ वाजून ४१ मिनिटांनी उठला, हे तो सांगतो. का उठला, हे सांगत नाही.

माझाच किस्सा ऐक. आमच्या साडेसातच्या मालिकेत दिग्दर्शकाने सासू-सुनेचा एक अबोल सीन घेतला होता. संवाद शून्य, नुसत्या नजरा आणि मागे बासरी. एडिटला आम्ही सगळे गप्प झालो, इतका सुंदर होता. गुरुवारी आलेख बरोबर तिथेच घसरला. ऑफिसात लगेच निकाल: सासूचं पात्र थकलंय, नवी खलनायिका आणा. मी दोन दिवस मागून घेतले आणि सांगलीला ओळखीच्या घरी जाऊन बसले. संध्याकाळी साडेसात. घरची बाई स्वयंपाकघरात, टीव्हीकडे पाठ, पोळ्या लाटतेय. अधूनमधून कुकरची शिट्टी. मालिका ती कानांनी फॉलो करत होती. तसाच एक बिनबोलाचा सीन लागला, बासरी सुरू झाली. तिने आतूनच विचारलं, ‘काय झालं गं?’ बाहेर सोफ्यावर मोबाइल बघत बसलेली लेक म्हणाली, ‘काही नाही.’ संपलं. दोन मिनिटांनी लेकीने रिमोट उचलला.

साडेसातची मालिका ऐकायची असते. जेवणं उरकून माणसं साडेनऊला टीव्हीसमोर बसतात, तेव्हा ती बघायची होते. आम्ही तो सीन जपला आणि पुढचे तसले सगळे सीन बोलके केले. खलनायिका आणली नाही. हे कुठल्याही एक्सेल शीटमध्ये सापडलं नसतं. म्हणून वर्षातून निदान चार वेळा मुंबईबाहेरच्या घरात, आपल्या स्लॉटच्या वेळेला जाऊन बस. आणि बसल्यावर मालिकेबद्दल एक अक्षर विचारू नकोस. विचारलंस की माणसं चांगलंच सांगतात, वर चहाही करतात.

दुसरी गोष्ट: आपण काहीही बनवत नाही, हे लक्षात ठेव. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला वरळीला सुरू झालं, तेव्हा नोकरीतला निर्माताच कार्यक्रम बसवायचा, पॅनेलवर तोच असायचा. मग १९९९ला अल्फा मराठी आलं, पाठोपाठ ईटीव्ही मराठी, २००८ला स्टार प्रवाह, २०१८ला सोनी मराठी. चॅनल वाढली तशी कामाची फाळणी झाली. बनवणार प्रोडक्शन हाऊस, आपण फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ म्हणणार. दिवसभरात तुझ्याकडे वन-लाइनर, म्हणजे भागाची थोडक्यात गोष्ट येईल, पटकथा येईल, संवाद येतील, रात्री अकराला एडिटची लिंक येईल. अर्ध्या तासाच्या स्लॉटला साधारण २२ मिनिटांचा मजकूर लागतो, कारण उरलेल्या वेळात जाहिराती आणि आपले प्रोमो. त्या २२ मिनिटांत तुझा स्वतःचा असा एकही सीन नसतो. तरीही तो एपिसोड चांगला व्हावा म्हणून काय करायचं? शेरे कमी लिही. ‘सीन ४ मजा येत नाहीये’ असा शेरा लेखकाला पाठवणं म्हणजे डॉक्टरने पेशंटला ‘तुम्ही बरे दिसत नाही’ म्हणण्यासारखं आहे. कुठल्या वाक्याला तुझं लक्ष उडालं, ते सांग. पुढचं त्याचं तो बघेल. तुझ्याहून बरं बघेल.

नेटवर्क हा शब्दही जरा उलगडून घे. तुझं चॅनल एकटं नसतं. बंगालीत जमलेली गोष्ट मराठीत येते, मराठीतली हिंदीत जाते. ‘श्रीमोयी’ २०१९मध्ये बंगालीत सुरू झाली, त्याच डिसेंबरात ती मराठीत ‘आई कुठे काय करते’ म्हणून आली आणि २०२०च्या जुलैत हिंदीत ‘अनुपमा’ झाली. असा रीमेक तुझ्याकडे आला तर नाक मुरडू नकोस, तो सांगाडा तपासलेला असतो. त्याला आपल्याकडचं घर द्यायचं, हे तुझं काम. आई मुलाला जेवताना काय म्हणते, सून सासऱ्यांना ‘अहो बाबा’ म्हणते की नुसतं ‘बाबा’, देवघर कुठल्या भिंतीला आहे. मीटिंगमध्ये यावर कोणी बोलत नाही. सांगलीची ती बाई मात्र पाठमोरी असूनही हे पकडते.

आता माझी फजिती. १९ मार्च २०२०पासून देशभर शूटिंग थांबलं. आमच्याकडे तीन एपिसोडची बँक होती, म्हणजे तेवढे आधी शूट करून तयार होते, चौथ्या दिवशी जुने भाग. तेव्हा मी सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं होतं, यापुढे दहा एपिसोड हातात असल्याशिवाय महाएपिसोड नाही, दोन मालिकांचा महासंगम नाही. सहा महिन्यांत माझं मीच विसरले. कारण बँक करायची तर मालिका चांगली चालू असताना वेग धरावा लागतो आणि चालत्या मालिकेत रोज काहीतरी बदलायचा मोह होतो. १४ एप्रिल २०२१च्या रात्री आठला राज्यात निर्बंध लागले तेव्हा आमच्या हातात पाच एपिसोड होते. युनिट गोव्याला हलवलं, कॅमेऱ्यापासून सासूबाईंच्या नथीपर्यंत सगळं बसमध्ये. आणि आमच्या गोष्टीतलं, पेन्शनीत काटकसरीने जगणारं कुटुंब अचानक समुद्रकाठच्या बंगल्यात का, याचं उत्तर लेखकाने एका रात्रीत शोधलं: मामांनी बोलावलं. या मामांचं नाव त्याआधी चारशे भागांत कधी निघालं नव्हतं. मे महिन्यात गोव्यानेही परवानग्या काढून घेतल्या आणि मामा जसे आले तसे गेले. मालिका वाचली, पण त्या लेखकाचं बीपी अजून मी वाढवलेलंच आहे, असं तो भेटला की सांगतो.

मालिका बंद कशी करायची, हे कोणी शिकवत नाही. सुरू करायला सगळे असतात: नारळ, क्लॅप, पेढे, फोटो. पहिल्यांदा मी एक मालिका बंद केली तेव्हा प्रोडक्शन हाऊसला मेल टाकला आणि कर्तव्य संपलं असं समजले. सेटवर मेकअप दादाला ते एका पोर्टलवरून कळलं, नायिकेला मेकअप दादाकडून. तिने मला फोन केला नाही. पुढची पाच वर्षं केला नाही.

दुसऱ्या वेळी मी घोडबंदर रोडच्या सेटवर स्वतः गेले. लंच ब्रेकमध्ये सगळ्यांना बोलावलं. मनात भाषण तयार होतं, आकडे, स्लॉट, स्पर्धा वगैरे. मी दोन वाक्यं बोलले असेन तेवढ्यात एक स्पॉट दादा हातातली चहाची किटली खाली ठेवून म्हणाला, ‘मॅडम, शेवटचं शूट किती तारखेला? पोरीची फी आहे, दुसरीकडे नंबर लावतो.’ त्याला कारण नको होतं, तारीख हवी होती. माझ्याकडे तारीख नव्हती! तिथेच उभ्या उभ्या निर्मात्याशी बोलून ती ठरवली. तेव्हापासून मी तारीख घेतल्याशिवाय सेटवर गेले नाही. आपल्याकडे बहुतेकांचं मानधन नव्वद दिवसांनी येतं. मालिका बंद झाली तरी तीन महिने त्यांचं आपल्याशी नातं असतंच. त्या तीन महिन्यांत फोन उचलत जा. अकाउंट्सचा विषय आपला नाही, असं म्हणणारे ईपी माणसांच्या लक्षात राहतात, आणि इंडस्ट्री केवढीशी आहे ते तुला लवकरच कळेल.

तू विचारलंस, यशस्वी झालेले लोक वेगळं काय करतात. एक उदाहरण देते, लांबचं आहे. अमेरिकेत फ्रेड सिल्व्हरमन नावाचा गृहस्थ होता. विद्यार्थी असताना त्याने एबीसी या नेटवर्कच्या कार्यक्रम-नियोजनावर जाडजूड प्रबंध लिहिला होता. १९७०मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तो सीबीएसच्या प्रोग्रामिंगचा प्रमुख झाला, १९७५ला एबीसीत गेला आणि कायम मागे असलेलं ते नेटवर्क त्याच्या काळात पहिल्या नंबरवर आलं. मग १९७८ला एनबीसीचा अध्यक्ष. डोकं तेच, कान तेच, अनुभव उलट वाढलेला, आणि एनबीसी तिसऱ्या नंबरवरून हललं नाही. १९८१च्या उन्हाळ्यात त्याला जावं लागलं. त्याच्याच काळात, त्याच वर्षी जानेवारीत सुरू झालेल्या ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ या मालिकेला आकडे बेताचेच होते. तो गेल्यावर सप्टेंबरात तिला टीव्हीचे आठ एमी पुरस्कार मिळाले. मला या माणसाची गोष्ट आवडते, कारण तिच्यातून नेमका धडा काढता येत नाही. तुझ्या पहिल्या हिट मालिकेनंतर कोणी तुला ‘मिडास टच’ वगैरे म्हणालं, तर याची आठवण ठेव. नंबर तुझा असतो, तसाच तुझ्या आधीच्या स्लॉटचाही असतो, समोरच्या चॅनलवर चुकलेल्या मालिकेचाही असतो.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नकोस. सेल्सच्या मीटिंगला जितकं लागतं तितकं वर्षभरात येतं. वाचन मात्र सोडू नकोस, आणि फक्त मालिकांच्या पटकथा वाचू नकोस. रात्री अकरानंतरच्या ग्रुपवरच्या मेसेजना सकाळी उत्तर दिलं तरी आभाळ कोसळत नाही, हे मला कळायला बावीस वर्षं लागली.

एक कामाचं राहिलंच. तुझं ऑफर लेटर मला पाठव. पगाराचा आकडा झाकून पाठव, चालेल. नोटीस पिरियड तीन महिन्यांचा आहे की सहा, आणि सोडून गेल्यावर दुसऱ्या चॅनलला जायला मनाई करणारं कलम आहे का, तेवढं मला बघू दे. सही मंगळवारपर्यंत करू नकोस.

तुझी,
ताई