नवीन ग्रामपंचायत सदस्य ताईंसाठी

ताई, निवडून आलात, अभिनंदन! आता आधी दफ्तरातून जमाखर्च आणि घरपट्टीचा नमुना ८ (कर आकारणीची नोंदवही) मागून घ्या, ओळ न् ओळ वाचा. गावचा पैसा कुठून येतो हे कळलं की सभेत बोलायला बळ येतं. केंद्राकडून गावाला मिळणाऱ्या १५व्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीतले ६० टक्के पाणी-स्वच्छतेसाठीच राखीव होते. त्यातून कुणी सभामंडप सुचवला तर तिथेच हरकत नोंदवा.

पण खरा जीव ग्रामसभेत आहे. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यातली कमी संख्या. घरोघरी रजिस्टर फिरवून सह्या घेणं चालू देऊ नका, माणसं समोर बसली पाहिजेत. ग्रामसभेआधी महिला सभा घ्याच. नळाला पाणी किती वाजता येतं, हे तिथे नेमकं कळतं. ठराव मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.