मोठं विमान, छोटं विमान हे नेमकं कशावरून ठरतं?

तुम्ही विचारलंय की उलव्यातून दिसणाऱ्या बोइंग 737-800 ला एका ठिकाणी 'मीडियम', दुसरीकडे 'सी' आणि तिसरीकडे 'डी' म्हटलंय, तर खरं काय? तिन्ही खरं. विमानांची एकच एक प्रतवारी नसते. ती कोणाला हवी आहे, त्यावर निकष बदलतो. मी विमान देखभालीच्या कामात आहे, राहतो सीवूड्सला. डिसेंबर 2025 मध्ये नवी मुंबईतून उड्डाणं सुरू झाल्यापासून शेजारीही हेच विचारतात.

'मीडियम' हा शब्द एटीसीचा, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. उडत्या विमानाच्या दोन्ही पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे सुटतात. विमान जितकं जड आणि वेग जितका कमी, तितके ते जोरकस. डोळ्यांना दिसत नाहीत, पण विमान निघून गेल्यावरही मागे रेंगाळतात. लहान विमान त्यात सापडलं तर एका कुशीवर उलटू शकतं आणि उतरताना सावरायला उंचीच उरलेली नसते. म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, गट पाडले: 7 टनांपर्यंत लाइट, त्यावर 136 टनांच्या आत मीडियम, पुढे हेवी. एअरबस ए380 साठी वेगळा 'सुपर'. रडारवर हेवीच्या मागे येणाऱ्या मीडियमला 5 सागरी मैल अंतर ठेवतात, लाइटला 6.

यात धरलेलं वजन त्या दिवसाचं नसतं. प्रमाणपत्रावर जे कमाल उड्डाण वजन असतं, तेच धरतात. त्यामुळे बोइंग 777 रिकामं आलं तरी हेवीच, आणि पहिल्या संपर्कात वैमानिक आपल्या कॉल साइनपुढे 'हेवी' म्हणतो. दर विमानाचं आजचं वजन विचारत बसायला एटीसीला सवड नसते, हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो.

विमानतळाला मात्र पंखांची काळजी. टॅक्सीवे, म्हणजे धावपट्टीकडे जायचे रस्ते, आणि पार्किंगमध्ये शेजारच्याला धक्का लागता कामा नये. पंखांचा विस्तार 24 ते 36 मीटर असेल तर 'सी', 52 ते 65 'ई', 65 ते 80 'एफ'. 737-800 विंगलेटसह, म्हणजे पंखांच्या वर वळलेल्या टोकांसह, 35.8 मीटर, म्हणजे जेमतेम आत बसतं! 23 टनांचं एटीआर 72 सुद्धा 'सी'च, कारण पंख 27 मीटर. या अक्षरांचा धाक इतका की बोइंगने 777एक्सच्या पंखांची टोकं घडी होणारी केली. उघडे पंख 71.8 मीटर, मिटले की 64.8, म्हणजे 'ई'च्या जागेत मावतात.

तुमचा 'डी' वेगाचा; अक्षरं तशीच, पण यादी वेगळी. कमाल लँडिंग वजनाला विमान ज्या वेगाखाली हवेत टिकत नाही, त्याच्या 1.3 पट वेग धरतात. 121 ते 140 नॉट (ताशी सागरी मैल) 'सी', 141 ते 165 'डी'. ए320 'सी'मध्ये येतं, 737-800 'डी'मध्ये, एटीआर 'बी'मध्ये. वेगवान विमानाला वळायला जास्त जागा लागते, त्यामुळे धावपट्टीभोवती फेरी मारून उतरताना त्याला जास्त मोठा परिसर मोकळा लागतो. आजूबाजूला डोंगर असले की हा फरक जाणवतो.

फ्लाइट ट्रॅकरवर 'बी738' असा चार अक्षरी कोड दिसला की तो आयकाओच्या डॉक 8643 यादीत शोधा. वजनाचा गट तिथेच मिळेल, शेजारी 'एल2जे' असेल: जमिनीवरून उडणारं, दोन इंजिनं, जेट. एटीआरपुढे 'एल2टी' दिसेल, त्यातला 'टी' टर्बोप्रॉपचा, म्हणजे टर्बाइनवर फिरणाऱ्या पंख्याच्या इंजिनाचा.