सही करण्याआधी काय विचारायचं

अरे, व्हर्जिनियातल्या कॉलेजची ऑफर आलीय, पगार सोडून आणखी काय विचारू, असं तू पुण्याहून लिहिलंयस. मी इथे बारा वर्षं गणित शिकवतोय. आधी इथलाच एक जुना किस्सा ऐक.

१८२४ साली अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष जेफरसनने आपल्या नव्या व्हर्जिनिया विद्यापीठासाठी प्राध्यापक शोधायला फ्रान्सिस गिल्मर या तरुण वकिलाला विलायतेला धाडलं. गणितासाठी त्याला केंब्रिजचा टॉमस ह्युइट की मिळाला. वर्षाला १५०० डॉलर, राहायला बंगला, वर विद्यार्थ्यांची फी. अटी झकास! पण बागाईतदारांची पोरं किती माजलेली असतील, हे करारात कुठलं लिहिलेलं असणार? ऑक्टोबर १८२५ च्या विद्यार्थ्यांच्या दंगलीनंतर कीने राजीनामाच पुढे केला. समजूत घातल्यावर थांबला, पण १८२७ ला लंडनला परतला.

पुढे १८४१ मध्ये तिथेच सिल्व्हेस्टर हा इंग्लिश गणिती शिकवायला आला. त्याच्या आदल्याच वर्षी एका विद्यार्थ्याने एका प्राध्यापकाला गोळी घालून मारलं होतं. वर्गात पेपर वाचणाऱ्या पोराला सिल्व्हेस्टर बोलला, प्रकरण चिघळलं, सहकारी आपल्या पाठीशी नाहीत असं त्याला वाटलं आणि मार्च १८४२ मध्ये त्याने नोकरी सोडली. १८७६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने बोलावलं तेव्हा गडी म्हणाला, ५००० डॉलर सोन्यात द्या. यादवी युद्धानंतर कागदी डॉलर सोन्यापेक्षा स्वस्त होता ना!

तुझं सोनं म्हणजे व्हिसाचे कागद. सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर एक लाख डॉलरची फी लावली गेली. तुझ्या वेळी काय लागू आहे आणि ते कोण भरणार, हे आधी विचार. ग्रीन कार्डचा अर्ज कॉलेज कधी करणार, तेही लेखी घे. कॉलेज शिक्षकांसाठी सवलत अशी की झालेली भरतीच या अर्जाला चालते, पण ती निवड झाल्यापासून १८ महिन्यांतच मिळते. ती हुकली की भरती पहिल्यापासून. पगाराचा आकडा बहुधा नऊ महिन्यांचा असतो. सेमिस्टरला कोर्स तीन की चार, हे विचारायला लाजू नकोस.

आणि विद्यार्थ्याने तक्रार केली तर शेवटचा शब्द कोणाचा? माझ्या पहिल्या कॉलेजात डीनने मला न विचारता एकाचा ग्रेड बदलला. मला कळलं ते त्या पोराच्या ‘थँक यू’ मेलवरून. फॅकल्टी हँडबुक, म्हणजे प्राध्यापकांसाठीचं नियमांचं पुस्तक, मागून घे, तक्रारींचं प्रकरण आधी वाच. मग पगारावर घासाघीस कर.