देवीला सोडलेल्या मुलीने लग्न करावे का?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) : मी गडहिंग्लज तालुक्यातली, वय 31. आठव्या वर्षी केसांत जट आली म्हणून आईवडिलांनी मला सौंदत्तीला नेऊन यल्लम्माला सोडले आणि गळ्यात मोती बांधले. मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन जोगवा मागते, जत्रेला डोक्यावर जग, म्हणजे देवीची पाटी, घेते. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवरच्या एका माणसावर माझा जीव जडला आहे. म्हातारी जोगतीण म्हणते, लग्न केलेस तर देवी घर धुऊन नेईल. वडिलांना गेल्या वर्षी अर्धांगवायू झाला, तो माझ्या मनात पाप आल्यामुळेच, असे आई म्हणते. तो म्हणतो, लग्न राहू दे, झुलवा लावू, म्हणजे लग्नावाचूनच एकत्र राहू. देवीचा कोप नको आणि त्याच्या घरच्यांचाही नको. मी काय करू?

ताई,

वडिलांचे आधी सांगते, कारण पत्रातले सर्वांत जड ओझे तेच आहे. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली म्हणजे अर्धांगवायू होतो, आणि बहुतेक वेळा त्यामागे वाढलेला रक्तदाब असतो. लेकीच्या मनात कोण आहे याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. वडिलांच्या गोळ्या रोज वेळेवर जातात ना, एवढे मात्र पाहा.

आता देवीविषयी. तुम्ही जिची परडी उचलता त्या यल्लम्माची, म्हणजेच रेणुकेची, कथा तुम्ही माझ्यापेक्षा अधिक वेळा गायली असेल. नदीवर पाणी आणायला गेलेल्या रेणुकेला जलक्रीडा करणारा गंधर्व दिसला, तिचे मन क्षणभर ढळले आणि तेवढ्यासाठी जमदग्नीने पोटच्या मुलाकडून तिचे शिर उडवले. मनात उठलेल्या एका ओढीची एवढी किंमत जिने स्वतः मोजली, ती देवी त्याच ओढीसाठी तुमच्या घरावर कोपेल, हे मला तरी पटत नाही. शिवाय ती संसारी देवी आहे. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला तिच्या नावाने बांगड्या फुटतात आणि माघातल्या अहेव पुनवेला ती पुन्हा सवाष्ण होते. दरवर्षी जिचे कुंकू परत येते, तिच्या नावावर तुम्हाला जन्मभर लग्नावाचून ठेवणारी माणसेच आहेत.

आणि या माणसांनी तुम्हाला नेमके काय मना केले आहे, ते नीट पाहा. जोगतिणीकडे पुरुष येऊ नये, असे या प्रथेने कधीच म्हटले नाही; उलट ते येत राहावेत आणि त्यांच्यावर कसलीही जबाबदारी पडू नये, अशीच तिची मांडणी आहे. निषिद्ध होते ते फक्त लग्न. तुमचे प्रेम गावाला खुपत नाही. तुम्ही कोणाची तरी हक्काची बायको व्हाल, हे खुपते.

कायद्याची बाजू तुमच्याकडे आहे. तुमच्याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1920 मध्ये जोगती-मुरळीच्या, म्हणजे देवाला माणसे सोडण्याच्या, चालीविरुद्ध कायदा केला होता. मुंबई प्रांताच्या 1934 च्या कायद्याने देवाला सोडलेल्या स्त्रीचे लग्न वैध ठरवले, आणि 2005 मध्ये महाराष्ट्राने देवदासी प्रथेच्या निर्मूलनासाठी नवा अधिनियम केला. हिंदू विवाह कायद्यातही देवीला सोडलेली स्त्री लग्नास अपात्र, अशी अट नाही.

म्हणून माझी खरी शंका देवीबद्दल नाही, त्या माणसाबद्दल आहे. झुलव्याचा अर्थ मी तुम्हाला सांगायला नको. त्यात तो येईल, राहील, कदाचित जीवही लावील. पण त्याला उद्या घरच्यांनी दुसरी मुलगी पाहिली तर तुमच्या हातात काही कागद नसेल, आणि मूल झाले तर बापाच्या नावासाठी तुम्हालाच दारोदार फिरावे लागेल. तो वाईट आहे असे मी म्हणत नाही. घरच्यांना भिणारी माणसे पुष्कळ असतात. पण आपली भीती त्याने देवीच्या पदराआड लपवली आहे, आणि ते मला आवडलेले नाही. त्याला एकदा शांतपणे विचारा : देवीची हरकत नाही असे मी ठरवले, तर तू नोंदणी कार्यालयात माझ्याबरोबर येशील का? विशेष विवाह कायद्याने लग्न करायचे असेल तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात आणि ती नोटीस कार्यालयात लावली जाते, म्हणजे गावात बातमी फुटणार हे धरूनच चाला. या तीस दिवसांतही त्याची कसोटी लागेल. जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात देवदासींसाठीच्या योजनांची चौकशीही करून ठेवा.

तुम्ही शेवटी लिहिले आहे की गावातल्या बाया पाया पडतात, ते सारे सुटेल. तो मान खरा आहे आणि तो गेल्याचे दुःखही खरे असेल. त्याला मी क्षुल्लक म्हणणार नाही. मात्र भक्ती त्याबरोबर जाण्याचे कारण नाही. लग्न झालेल्या हजारो बायका सौंदत्तीच्या डोंगरावर जातात, तशा तुम्हीही माघात जाल. मोती गळ्यात ठेवायचे की डोंगरावरच सोडून यायचे, हे तुमचे तुम्ही ठरवा. त्यात मी, तो किंवा म्हातारी जोगतीण कोणीही बोलू नये.

त्याचे उत्तर काय येते ते मला कळवा. जटेसाठी मात्र त्या उत्तराची वाट पाहू नका. तेल-फणी न लागलेल्या केसांत मळ आणि भंडारा बसून झालेला तो गुंता आहे, आणि त्याच्या ओझ्याने मान दुखते असे तुम्हीच लिहिले आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते घरी येऊन, तुमच्या संमतीने, जट सोडवतात. आईला त्या वेळी शेजारी बसवून घ्या.